आठव्या टाकीतलं कासव

मी रत्नागिरीला निघालो तेव्हा आमच्या हिनं दारातच विचारलं होतं, "पाल दिसली की खुर्चीवर चढणारे तुम्ही. सापांची चित्रं काढायला चाललाय, हे त्या लोकांना माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. मी मिरजेचा निवृत्त चित्रकला शिक्षक. माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीतल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयाचं काम बघतो. 'संग्रहालय' म्हटल्यावर मला वाटलं, बरण्यांत बुडवलेले साप आणि पेंढा भरलेलं एखादं मुंगूस असेल. त्याचं म्हणणं एवढंच होतं की टाक्या आणि पिंजऱ्यांवरचे पत्र्याचे फलक खाऱ्या हवेनं गंजलेत, आठ नवे फलक रंगवून द्या. राहायची-जेवायची सोय, वर समुद्र. मी लगेच हो म्हटलं. प्राणी जिवंत आहेत, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

आता परत येऊन महिना झाला. जो भेटतो तो विचारतो, "काय मास्तर, साप चावला का?" एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहूनच टाकतो.

पहिला दिवस: जिभेवरून खडाजंगी

आंबा घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली आणि मी स्वेटर काढला. फेब्रुवारी सरत आला होता. वाटेत कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि मधूनच मोहोराचा वास येत होता. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन् तास रखडावं लागतं, त्या मानानं हा प्रवास सुखाचा झाला.

संग्रहालयात प्राण्यांचं सगळं बघते ती नंदा. वय चाळिशीचं, कमरेला पदर खोचलेला, हातात कायम बादली. तिनं मला चहा दिला आणि मी घरून तयार करून आणलेली कच्ची चित्रं मागितली. पहिलंच चित्र नागाचं. मी अभिमानानं पुढे केलं. तिनं पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, "मास्तर, ही जीभ कुठून काढलीत?"

"तोंडातून. आणखी कुठून?"

"आणि तोंड एवढं उघडं कशाला? दाताच्या डॉक्टरकडे बसलाय का तो?"

तिनं मला एका काचेपुढे नेलं. आत एक धामण होती. वाकायची माझी हिंमत होईना, तेव्हा नंदानं माझ्यासाठी स्टूल आणलं आणि ते काचेपासून चांगलं हातभर लांब ठेवलं. धामणीचं तोंड बंद होतं. ओठांच्या मधोमध एक बारीकशी खाच होती, त्यातून जीभ बाहेर यायची, लवलवायची आणि आत जायची. तोंड उघडायची गरजच नव्हती. नंदा म्हणाली, "वास घेते ती. जिभेवर वास गोळा करून आत टाळूला लावते. तुमचाच घेत असेल, नवीन माणूस ना!"

तीस-बत्तीस वर्षं मी नागपंचमीला शाळेच्या फळ्यावर आ वासलेला नाग काढत आलो. मुलांनी वह्यांत उतरवला, त्यांच्या मुलांनीही उतरवला असणार. मिरज तालुक्यात जितके नाग आ वासून बसलेत, त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे.

आठवी टाकी सगळ्यांत मोठी, समुद्राच्या पाण्याची. तिच्यात एक समुद्रकासव होतं, परातीपेक्षा मोठं, शेवाळी रंगाचं. ते पाण्यावर तरंगत होतं, पण तिरकं. डावी बाजू पाण्याबाहेर, उजवी पाण्यात. पुढच्या एका वल्ह्यासारख्या पायाला जाळ्यानं कापल्याची जखम होती. ते खाली जायला धडपडायचं आणि पुन्हा वर यायचं.

"फुप्फुसाचा आजार आहे. हवा आत कोंडलीय, त्यामुळे बुडताच येत नाही," नंदा म्हणाली. "इंजेक्शनं चालू आहेत. पण खात नाही. रविवारपर्यंत डुबकी मारून स्वतःचं स्वतः खाल्लं नाही, तर त्याला लांबच्या मोठ्या केंद्रात न्यायला गाडी येणार. अशी गेलेली कासवं फार क्वचित समुद्रात परत जातात. टाकीतच म्हातारी होतात. तेव्हा मास्तर, आठवा फलक सध्या रंगवू नका. फलक लागला म्हणजे इथलंच झालं, असं मला वाटतं."

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आज खाल्लान काय?"

साठीचा, उन्हानं रापलेला माणूस दारात उभा होता. चपला बाहेर काढलेल्या, देवळात काढाव्यात तशा. नंदानं मान हलवून 'नाही' म्हटलं आणि बादली उचलून निघून गेली. तो माणूस टाकीशी आला, कठड्याला हात न लावता थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

धाकूनं काय केलं होतं

दुसऱ्या दिवशी त्याची हकिगत कळली. त्याचं नाव धाकू. गाव मालगुंडच्या पुढे, जयगडच्या खाडीकडे. छोटी होडी आणि जाळं, एवढ्यावर घर. पंधरवड्यापूर्वी समुद्रात त्याला हे कासव दिसलं, कुणाच्या तरी तुटक्या नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेलं. धाकूनं सुरीनं जाळं कापलं आणि कासव होडीत घेतलं. इथल्या मच्छीमारांत कासव म्हणजे देव. जाळ्यात सापडलं तर हळदकुंकू लावून, नारळ ठेवून परत सोडतात. पण हे जखमी होतं. जखमी देवाला खाऱ्या पाण्यात कसं सोडायचं, जखम चुरचुरेल, असा विचार करून या भल्या माणसानं ते गावच्या देवळाच्या तळीत सोडलं. गोड्या पाण्यात! चार दिवस सगळ्या गावानं त्याची पूजा केली. नैवेद्याचा भात टाकला, खोबरं टाकलं, एकानं पेढाही टाकला. कासव वाकडं होऊन तरंगायला लागलं, तेव्हा कुणीतरी वनखात्याला फोन केला आणि ते इथं आलं.

"त्या दिवशी मी त्याला चार माणसांत फार बोलले," नंदा म्हणाली. "देव म्हणता आणि देवाला मारता, असं म्हटलं. तेव्हापासून रोज येतो. एवढंच विचारतो आणि जातो. आणि होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलीय. कासव पाण्यात जाईपर्यंत आपणही जायचं नाही, म्हणतो. ऐन मोसमात!"

मला माझी गोष्ट आठवत होती. शाळेच्या व्हरांड्यात एकदा साप आला. मुलं नाग नाग म्हणून ओरडली. माझी पाचावर धारण बसली होती, पण मुलांदेखत ते दिसू नये म्हणून मी काठी घेतली आणि त्याला मारला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर माझं कौतुक केलं. आता या काचेसमोर स्टुलावर बसून धामण काढताना तिचे मोठे गोल डोळे, पिवळट अंग, शेपटीकडच्या काळ्या रेघा मी एकेक करून कागदावर उतरवत होतो, आणि मला कळत होतं की तो नाग नव्हता. हीच होती. उंदीर खाणारी, बिनविषारी. मला स्वतःची लाज वाटली आणि ती मी नंदाला बोलून दाखवली.

ती म्हणाली, "हीसुद्धा गवत कापायच्या मशीनखाली आलेली. जखम भरली की जाईल. काढा नीट चित्र. पुढचा माणूस काठी उचलायच्या आधी ओळखेल तरी."

त्या दिवसापासून स्टूल मी स्वतःहून काचेजवळ सरकवत गेलो.

बाकीच्यांशीही ओळखी झाल्या. केंड नावाचा मासा भीती वाटली की पोटात पाणी भरून चेंडू होतो. माझ्या पांढऱ्या टोपीला तो भ्याला, म्हणून मला टोपी काढून बसावं लागलं. शेवंड, म्हणजे लांब मिशांची मोठी काटेरी कोळंबी, दिवसभर कपारीत बसून फक्त मिशा बाहेर ठेवत असे. तिच्या मिशा काढताना माझे तीन कागद फुकट गेले. एका टाकीत मुंबईच्या घरांतून कंटाळून सोडून दिलेली चार परदेशी कासवं होती, रुपयाएवढी असताना शोभेसाठी घेतलेली आणि आता ताटलीएवढी झालेली. ती खाण्यावरून एकमेकांच्या पाठीवर चढायची. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे दृश्य पुष्कळदा पाहिलं आहे.

रोज शेवटचा तासभर मी आठव्या टाकीशी बसायचो. फलक रंगवायचा नव्हता, तरी हात राहवेना.

शर्टाचा वास आणि धाकूचं गाव

गुरुवारी सकाळी नंदा धामणीचं घर साफ करणार होती. मी मोठ्या शौर्यानं म्हटलं, पिशवी मी धरतो. कापडी पिशवीत धामण गेली, मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं आणि सोडलं नाही. धामण मात्र घाबरली असावी. तिनं घाबरल्यावर धामणी सोडतात तो वास सोडला, पिशवीतून आरपार माझ्या शर्टावर. तो वास कसा होता ते लिहीत नाही, काही लोक हे जेवताना वाचत असतील.

शर्ट दोनदा धुतला, ओलाच घातला आणि धाकूच्या गावाला जाणारी एसटी पकडली. गाडी भरलेली होती, पण माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. वाटेत डाव्या हाताला समुद्र येत-जात होता. एक बाई मासळीची रिकामी टोपली घेऊन मागे उभ्या होत्या. मी बसायची खूण केली तर नाकाला पदर लावून म्हणाल्या, "नको, मी हय बरी हाय." मासळी विकणाऱ्या बाईनं माझ्या वासाला नाक मुरडावं, ही माझ्या आयुष्यातली मोठीच कामगिरी.

मी तिथं का गेलो? खरं सांगायचं तर धाकूचा चेहरा मला सोसवत नव्हता. एका चुकीपायी रोज इतक्या लांबून येऊन मान खाली घालून उभं राहणं मला बघवेना.

धाकूची होडी माडांखाली पालथी घातली होती. लांब बंदराकडे मोठी जहाजं उभी होती. धाकूच्या बायकोनं, भागीरथीवहिनींनी, मला खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवलं आणि तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी वाढली. आम्ही मिरजेकडचे लोक मटणाला भिणार नाही, पण शिंपल्यातून जेवण काढायचं म्हणजे आमचा गोंधळ उडतो. वहिनींनी शिंपलाच चमच्यासारखा कसा वापरायचा ते दाखवलं. मग मी किती खाल्ल्या ते विचारू नका.

"मास्तर, तुमी तरी सांगा ह्येंना," वहिनी म्हणाल्या. "देवाचा केलान ता चुकीचा झाला, मान्य. पन घरात बसून देव बरा व्हनार हाय काय?"

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं समुद्रात आहात. ही कासवं खातात तरी काय?"

"कुर्ल्या," तो लगेच म्हणाला, म्हणजे खेकडे. "जित्या कुर्ल्या. खाली वाळूत फिरतात ना, त्या. किनाऱ्याला मेलेला कासव लागला ना, तर त्याच्या पोटात कुर्ल्यांची कवचं असतात. कडाकडा फोडतात."

"मग हे तुम्ही नंदाला का नाही सांगितलंत? ती बिचारी मासे कापून टाकते. ते वर तरंगतात आणि कासव तोंड फिरवतं."

धाकूनं जमिनीकडे बघितलं. "मी काय सांगू? गोड्या पान्यात घालनारा मीच. माझा कोन ऐकनार? आनी परत काय चुकला तर?"

मी माझी धामणीची गोष्ट त्याला सांगितली. काठी, टाळ्या, कौतुक, सगळी. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमी मास्तर असून?" मी म्हटलं, मास्तर असून. तेव्हा पहिल्यांदा तो हसला.

कुर्ली

शुक्रवारी धाकू आला तो झाकण लावलेली बादली घेऊन. चपला नेहमीसारख्या बाहेर काढल्या. मी नंदाला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ती दोन क्षण त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "धाकूकाका, त्या दिवशी मी जास्तच बोलले. मनात ठेवू नका. हे आधीच मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

धाकूनं बादलीचं झाकण काढलं. आत पाच-सहा कुर्ल्या एकमेकींना ओरबाडत होत्या. नंदानं प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली. धाकूनं डेंगे, म्हणजे कुर्लीचे पुढचे चावरे पाय, सफाईनं मोडले आणि एक कुर्ली टाकीत सोडली. ती तळाशी जाऊन तिरकी तिरकी पळायला लागली.

याच वेळी मी माझी चित्रवही उघडली होती. सोमवारपासूनची चार चित्रं सलग होती, कासवाची, त्याच कोनातून. ती बघताना माझ्या लक्षात आलं की पाण्याची रेघ हलली आहे. सोमवारी कवचाची डावी बाजू निम्मी बाहेर होती. बुधवारी थोडी कमी. काल त्याहून कमी. मी वही नंदापुढे धरली. ती रोज बघत होती म्हणूनच तिला फरक दिसला नव्हता. "अहो, हे तर सरळ होतंय!" ती ओरडलीच.

कासवानं मान वळवून खाली पाहिलं. पुढचे पाय मारले, थोडं खाली गेलं, पुन्हा वर आलं. दुसऱ्यांदाही तसंच. आम्ही तिघं कठड्याला टेकून उभे होतो आणि तिघांनीही श्वास रोखला होता. कुर्ली पळत कोपऱ्यात गेली. तिसऱ्या वेळी कासवानं जखमी पायसुद्धा जोरानं मारला आणि ते खाली गेलं, थेट तळाला. पाण्यातून आम्हाला आवाज ऐकू आला. कडाक!

"खाल्लान!" धाकू म्हणाला. मग मोठ्यानं, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असं, "खाल्लान! खाल्लान!" मला रडू आलं, आणि नंदा माझ्याकडे बघून हसत होती, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी कासवानं तीन कुर्ल्या खाल्ल्या. शनिवारी उरलेल्या, आणि दुपारी बराच वेळ तळाशी बसून राहिलं. डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, "गाडी रद्द करा. हे आपलं आपण जाईल. उद्या भरतीला सोडा."

मी हिला फोन केला. ती म्हणाली, "कासवासाठी रडलात? माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर पेपर वाचत बसला होता." मी म्हटलं, तेव्हा पेपर उलटा धरला होता.

रविवार, भरतीच्या वेळी

कासव गाडीतून धाकूच्या गावच्या किनाऱ्यावर नेलं आणि धाकूनं होडी सुलटी करून पाण्यात लोटली. चौघांनी मिळून कासव ओल्या गोणपाटावर घेतलं. वहिनी हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या होत्या, पण नंदाकडे बघून थबकल्या. औषध लावलेल्या जखमेशेजारी कुंकू नको, हे त्यांनाही कळत होतं. मग त्यांनी होडीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कासवाला नुसते हात जोडले. नंदानंही जोडले.

होडीत वनरक्षक, नंदा, धाकू आणि मी. किनारा बारीक झाला तशी माझ्या पोटात ढवळायला लागलं. इतक्या दिवसांच्या तपश्चर्येनंतर तो सोहळा मी नीट बघावा की नाही? पण कासव उजव्या बाजूनं समुद्रात उतरत होतं तेव्हा मी डाव्या बाजूला वाकलो होतो. शेवटच्या क्षणी मान वळवली. हिरव्या पाण्यात कवच दिसलं, सपाट, अगदी सरळ. दोन वल्ही मारली आणि ते खाली गेलं. मागे वळून बघितलं वगैरे काही नाही. धाकू पाण्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि इंजिन सुरू केलं.

आठवा फलक

सोमवारी सकाळी माझी परतीची गाडी दहाची होती. सात फलक लागले होते. नागाचं तोंड बंद आहे. धामणीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हिला नाग समजू नका.' खाली माझं नाव घालू का, असं नंदानं विचारलं. मी म्हटलं, या एकाच फलकावर घाल.

आठवा पत्रा आदल्या रात्रीपर्यंत कोराच होता. टाकी पाण्यानं भरलेली आणि रिकामी. नंदा म्हणाली होती, "राहू दे तसाच." मला ते पटेना. पहाटे उठून मी तो रंगवून टाकीवर लावला होता. चित्र काही नाही, नुसतं हिरवं पाणी. त्यावर दोन ओळी.

पिशवी उचलून निघालो, तेव्हा दारात चपला दिसल्या. धाकू आत उभा होता. समुद्रावरून परस्पर आला होता, अंगावरचे कपडे ओले, मासळीचा वास. नंदा म्हणाली, "काका, आज कशाला आलात? आता काय आहे इथं?"

"सवय," तो म्हणाला.

तो फलकासमोर गेला आणि एकेका अक्षरावर बोट धरून, मोठ्यानं वाचायला लागला. "ही... टाकी... रिकामी आहे. इथलं कासव... बरं होऊन... घरी गेलं."

वाचून झाल्यावर त्यानं बोट खाली घेतलं. थोडा वेळ टाकीतल्या पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"मास्तर, आज खाल्लान असेल ना?"